जोरहाट ते कोल्हापूर: तीन तास पंचवीस मिनिटे

मानसिंगराव जगदाळ्यांना कुणी किती वाजले म्हणून विचारलं, तर ते आधी "कशाला?" असं विचारतात आणि मग घड्याळ बघतात. रहिमतपुरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना वेळ कुणी विचारत नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांची लॉगबुकं तपासण्यात गेली की माणसाचं असं होतं.

नोकरी साखर कारखान्याच्या वाहन विभागात होती. गाडी फाटकाबाहेर पडली की मीटरचं रीडिंग आणि वेळ लिहायची, परत आली की पुन्हा लिहायची, आणि ड्रायव्हर सांगतो ते अंतर त्या रीडिंगशी जुळतं का ते बघायचं. काम एवढंच, पण मानसिंगरावांनी ते असं केलं की ड्रायव्हर लोक त्यांच्या टेबलासमोर येताना टोपी काढायचे. सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतला कुठला फाटा कुठून किती किलोमीटर हे त्यांना तोंडपाठ होतं. वहीतल्या शेवटच्या रकान्यात शेरा असायचा. तो ते सगळ्यांत आधी वाचायचे, कारण माणूस खोटं बोलतो ते शेऱ्यात, असं त्यांचं म्हणणं.

एकदा धुळा नावाचा ड्रायव्हर पाटणला बियाणं पोचवून आला, तर मीटरला एकतीस किलोमीटर जादा.

"रस्ता बंद हुता सायेब, फिरून आलो," धुळा म्हणाला.

मानसिंगरावांनी वहीतून मान वर केली नाही. "सासूबाई बऱ्या हायत का?"

धुळाचा चेहरा पडला. त्याची सासुरवाडी पाटणच्या रस्त्यापासून साडेपंधरा किलोमीटर आत होती. जायचे साडेपंधरा, यायचे साडेपंधरा. तेव्हापासून मानसिंगरावांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: लग्न झालेल्या पुरुषाचा हिशेबाबाहेरचा वेळ सासुरवाडीला गेलेला असतो. पुढे असली चार-पाच प्रकरणं त्यांनी पकडली आणि बसलेलं आणखी घट्ट झालं.

घरात बायको चंद्राबाई. सेहेचाळीस वर्षं त्या या तपासणीखाली आहेत आणि त्यांना काही झालेलं नाही.

"देऊळ सहा मिनिटांवर हाय. पाऊण तास कशाला लागला?"

"देवाला लय गोष्टी सांगायच्या हुत्या."

"कसल्या?"

"तुमच्याच."

एवढ्यावर तपासणी थांबायची. पटायचं म्हणून नाही. पुढे विचारायला मुद्दा सापडायचा नाही म्हणून.

एकुलता एक मुलगा ऋषिराज एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला. आता तो हवालदार आहे. गेली सहा वर्षं आसामातल्या जोरहाटच्या पलीकडे कुठेतरी त्याचं युनिट होतं. आधी तो रेल्वेनं यायचा. निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत तीन दिवस लागायचे, कधी साडेतीन. मानसिंगरावांच्या वहीत तारखा लिहिलेल्या आहेत. मग मधल्या एका रजेला तो म्हणाला, "आबा, आता इमानानं येतो." मानसिंगरावांना अभिमान वाटला. चार लोकांना त्यांनी सांगितलंही. पण वहीत जेव्हा निघाल्याची आणि पोचल्याची वेळ लिहिली, तेव्हा हिशेब जुळेना. पहाटे निघाला तो तिसऱ्या दिवशी दुपारी पोचला. रेल्वेनं तीन दिवस आणि विमानानं अडीच? मग विमान करतं काय वर जाऊन?

पुढच्या रजेला तेच. त्याच्या पुढच्या रजेला तेच.

हा नुसता कुतूहलाचा प्रश्न असता तर मानसिंगरावांनी तो वहीत ठेवला असता. पण ऋषिराज येत्या मार्चमध्ये रिटायर होणार होता. रहिमतपुरात स्टेशनच्या रस्त्याला तीन गुंठे जागा मानसिंगरावांनी त्याच्यासाठी राखून ठेवली होती, चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या होत्या, नकाशा काढून घेतला होता. पोरानं येऊन फक्त हो म्हणायचं होतं, आणि ते तो म्हणत नव्हता. "बघू आबा, या रजेत बोलू," एवढंच. आणि ही येणारी रजा त्याची रिटायर होण्यापूर्वीची शेवटची होती.

यात अडचण होती माधवनगरची. ऋषिराजची बायको संयोगिता सांगलीत एका रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला, मुलगी साक्षी तिथल्याच शाळेत सातवीत. दोघी सांगलीला लागून असलेल्या माधवनगरात संयोगिताच्या माहेरी, वरच्या खोलीत राहतात. तिचे वडील जयराज पवार यांचे तिथे चार यंत्रमाग आहेत. माणूस गोड बोलतो. मानसिंगरावांना गोड बोलणारा माणूस पहिल्यापासून चालत नाही, आणि हा तर व्याही. त्यांच्या मनात सगळं चित्र तयार होतं. पोरगा फौजेतून सुटतो, विमानानं चार तासांत कोल्हापुरात उतरतो, तिथून सरळ माधवनगर गाठतो. तिथे जयराज पवार त्याला मटण खाऊ घालतात, गादी घालतात, आणि दोन रात्री कानात सांगतात की रहिमतपुरात काय ठेवलंय, इथंच राहा. मग पोरगा तिसऱ्या दिवशी रहिमतपूरला येतो आणि म्हणतो, बघू आबा.

पुरावा तेवढा हवा होता.

तो त्यांना मोबाइलनं दिला. मानसिंगराव फोनमध्ये बोलून विचारायला शिकले होते. ओसरीवर बसून, फोन ओठांपाशी धरून, कारखान्यातल्या आवाजात त्यांनी विचारलं, "जोरहाट ते कोल्हापूर विमानाला किती वेळ लागतो?" एक पान उघडलं. भारताचा नकाशा, त्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली डावीकडे आलेली एक निळी रेघ, आणि खाली ठळक अक्षरांत: अंतर २३३५ किलोमीटर. विमानाचा वेळ ३ तास २५ मिनिटे.

त्यांनी लगेच कागदावर भागाकार केला. ताशी सहाशे त्र्याऐंशी किलोमीटर. विमान म्हटल्यावर वेग बरोबर होता. अंतर आणि वेळ एकमेकांशी जुळले की आकडा खरा, ही त्यांची एकतीस वर्षांची रीत. त्या अंतरावर मुळात रस्ता आहे का, हे त्यांना कधी विचारावंच लागलं नव्हतं. कारखान्याची जीप जिथून परत यायची तिथे रस्ता असायचाच.

"तीन तास पंचवीस मिन्टं," त्यांनी आत जाऊन चंद्राबाईंना सांगितलं. "आनि तुझा ल्योक अडीच दिसानं येतो."

चंद्राबाई मेथी निवडत होत्या. "आवं, मधी कुठं थांबत आसंल की ते इमान."

"इमान काय वडाप हाय का, मधी मधी मान्सं भरायला?"

"मला काय ठावं. म्या कुठं बसले."

यावर त्यांनी मान खाली घातली आणि मेथी निवडत राहिल्या. मानसिंगरावांनी त्या वेळी बायकोच्या चेहऱ्याकडे नीट बघायला हवं होतं. त्यांनी नकाशाकडे बघितलं.

ऋषिराजचा फोन आला. "आबा, बारा तारखेला पहाटं पाचला निघतो. चौदाला दुपारी घरी." मानसिंगराव बरं म्हणाले. फोन ठेवून त्यांनी मांडणी केली. पहाटे पाच. विमानतळावर तपासणी वगैरे, दोन तास धरू. वर तीन तास पंचवीस मिनिटं. म्हणजे बारा तारखेला साडेदहाला पोरगा कोल्हापुरात. आपण त्याच्या आधी तिथे हजर.

बारा तारखेला पहाटे त्यांनी धोतर न नेसता पँट घातली. चंद्राबाई चुलीपाशी होत्या.

"कुठं?"

"साताऱ्याला. डोळं दाखवाय."

"मग डबा कशाला?"

"डाक्टर थांबवून ठेवत्यात."

"बरं," चंद्राबाई म्हणाल्या आणि डब्यात एक भाकरी आणखी घातली. या बाईनं पुढे काही विचारलं नाही याचा त्यांना स्टँडपर्यंत संशय येत राहिला.

सहाच्या गाडीनं कराड, तिथून कोल्हापूर, तिथून रिक्षानं उजळाईवाडीचा विमानतळ. रिक्षावाल्यानं फेऱ्यानं नेलं असं त्यांचं ठाम मत झालं. सव्वादहाला ते बाहेर येणाऱ्या माणसांच्या दाराजवळ उभे होते. आत सोडत नव्हते. बंदूकवाल्या जवानानं नम्रपणे बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा ते एका भाड्याच्या मोटारीच्या सावलीत जाऊन उभे राहिले. मोटारीचा ड्रायव्हर शिवतेज नावाचा तरुण गडी होता. दाराला टेकून शेंगा खात होता.

"कुणाला न्यायला आलाय, आजोबा?"

"हाय एकजण."

"कुठनं येनार?"

मानसिंगरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "जोरहाट."

"ते कुठं आलं?"

"आसाम."

शिवतेजनं शेंगांची टरफलं झटकली. "आजोबा, हितं आसामचं इमान येत न्हाई."

"तुला काय ठाव?"

"पाच वर्सं हितंच उबा हाय मी. हैदराबाद, बंगळूर, मुंबई आसलं येतं. आसामचा मानूस यायचा तर हैदराबादच्या न्हाईतर बंगळूरच्या इमानात यायचा, बदलून बदलून."

"हितं लिवलंय." मानसिंगरावांनी फोन पुढे धरला.

शिवतेजनं बघितलं आणि हसला. "रेघ मारलीया वो नुसती. अशी रेघ मारायची तर माझ्या घरापास्नं दिल्लीबी दीड तासावर हाय."

मानसिंगरावांनी फोन परत खिशात घातला. मोटारवाला आहे, त्यांनी मनाशी ठरवलं. याला आपल्याला गाडीत बसवायचं आहे. म्हणून विमान येत नाही म्हणतो. ते थांबले. एक विमान आलं, चाकांच्या पेट्या ओढत माणसं बाहेर पडली, त्यात ऋषिराज नव्हता. डबा उघडून त्यांनी उभ्यानंच भाकरी खाल्ली. दुपारी आणखी एक आलं. चारच्या पुढे हैदराबादचं आलं. प्रत्येक उंच माणसाकडे त्यांनी निरखून बघितलं. कुणी तोंड लपवून जातंय का तेही बघितलं.

"उद्या येत असतील, आजोबा," शिवतेज म्हणाला. "आज निगाला आसंल तर उद्याच येतोय. आमी आणतो की फौजी लोकांस्नी."

"उद्याचं तुला आजच कसं म्हाईत?"

शिवतेजनं यावर हात जोडले आणि गाडी काढली.

एखाद्यानं इथे घरची वाट धरली असती. मानसिंगरावांच्या मनात मात्र नवीनच आलं: पोरगा दुसऱ्या दारानं गेला असेल. नाहीतर पुण्याला उतरून रेल्वेनं गेला असेल. कुठल्याही वाटेनं गेला तरी शेवटी जाणार कुठे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सांगलीची एसटी धरली. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं, आणि सात वाजता ते माधवनगरात जयराज पवारांच्या दारात उभे होते. आत माग खडखडत होते.

दार संयोगितानं उघडलं. तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या मागे रस्त्यावर.

"आबा? आई कुठे आहेत? काय झालं?"

"काय न्हाई झालं. सहज आलो." बोलता बोलता त्यांनी दारातल्या चपला मोजल्या. फौजी बूट नव्हता.

त्यांना बसवलं, पाणी दिलं. जयराज पवार बनियनवरच बाहेर आले, अंगावर सुताचा भुगा. "पाव्हणं, कळवायचं की. मासं आनलं असतं." मानसिंगरावांनी मनात नोंद केली. मासे. म्हणजे खाऊ घालायची तयारी असते.

"ऋषी कुठंय?" त्यांनी एकदम विचारलं. अचानक विचारलं की माणूस गडबडतो.

संयोगिता अजिबात गडबडली नाही. तिनं फोन उचलला. "थांबा, लावते."

पडद्यावर ऋषिराज आला. जमिनीवर बसला होता, पाठीमागे भलीमोठी सॅक, डोळे लाल. वरून बंगालीत काहीतरी सूचना चालली होती.

"कलकत्त्यात हाय. सकाळी सातचं हैदराबाद," तो म्हणाला, आणि मग त्याला बाप दिसला. "आबा? तुमी तितं काय करताय?"

"सहज आलो."

"कवा निघालाय घरातनं?"

उत्तर त्यांच्या तोंडातून सवयीनं सुटलं. "सहाला."

"सकाळी?"

"व्हय."

"आन् पोचलाय कवा?"

"आत्ता, सातला," संयोगिता म्हणाली.

ऋषिराज पडद्याजवळ सरकला. तो हसू दाबत होता की रागावला होता हे त्या लहान पडद्यावर कळेना. "आबा, रहिमतपूर ते माधवनगर किती किलोमीटर?"

"एकशे पाच," मानसिंगराव म्हणाले. खोटं सांगणं त्यांना अंतराच्या बाबतीत जमत नाही.

"एकशे पाचला तेरा तास?"

जन्मात पहिल्यांदा मानसिंगराव टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. ते म्हणाले, "कोल्हापूरला काम हुतं." कसलं काम ते कुणी विचारलं नाही, त्यामुळे ते जास्त वाईट झालं.

फोन झाल्यावर साक्षीनं आजोबांचा मोबाइल मागितला. ते पान अजून उघडंच होतं. तिनं बोटानं ते वर सरकवलं, आणखी वर सरकवलं, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं त्यांच्यापुढे धरलं. वरील अंतर सरळ रेषेतील आहे. वेळ सरासरी वेगावरून काढलेला अंदाज आहे. या दोन विमानतळांदरम्यान थेट विमानसेवा उपलब्ध नाही.

"आबा, हे नुसतं पट्टीनं मोजलंय," ती म्हणाली.

मानसिंगरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. हा शेराच होता, आणि तो त्यांनी वाचला नव्हता. धुळानं हे बघितलं असतं तर पोट धरून हसला असता, हे त्यांना लगेच कळलं आणि ते कान खाजवत बसले.

पण हरणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी कागद मागवला. पहाटे पाचला युनिटची गाडी, पाच-सहा तास घाटाचा रस्ता, जोरहाट. तिथून कलकत्ता. रात्र विमानतळावर. सकाळी हैदराबाद, तिथे वाट बघायची, दुपारी कोल्हापूर. संयोगिता सांगत गेली, ते लिहीत गेले. शेवटी रेघ ओढली आणि पेन्सिल वर धरली.

"म्हंजे उद्या तेरा तारखेला चारनंतर तो कोल्हापुरात. मग चौदाची दुपार कशी? तिथनं रहिमतपूर तीन तासांवर हाय. एक रात्र शिल्लक राहती."

"इथे झोपतात ना," संयोगिता म्हणाली. तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. "प्रत्येक रजेला पहिली रात्र इथेच असतात."

मानसिंगरावांनी जयराज पवारांकडे बघितलं. जयराज पवारांनी वर पंख्याकडे बघितलं.

"म्हंजे मी बरोबर हुतो," मानसिंगराव म्हणाले.

"बरोबर म्हणजे काय आबा? तुम्हाला माहीत नव्हतं? आईंना माहीत आहे की. आईंनीच तर सांगितलं होतं."

आता रहिमतपूरला फोन. चंद्राबाईंनी तो पहिल्या घंटीला उचलला, म्हणजे शेजारीच घेऊन बसल्या होत्या.

"काय म्हनलं डोळ्याचं डाक्टर?"

"चंद्रे, ऋषी पैली रात हितं झोपतो हे तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कदीपास्नं?"

"सा वर्सं झाली. म्याच सांगितलं त्येला." चंद्राबाईंच्या बाजूला कुकरची शिटी झाली, ती होईपर्यंत त्या थांबल्या. "आवं, दोन दीस डोळ्याला डोळा लागल्याला नसतो पोराच्या. हितं उंबऱ्यात पाय ठेवला की तुमी वही घिऊन म्होरं. कवा निगालास, कुठं थांबलास, कोन भेटलं. म्हनलं, तिकडं झोप, पोरीचं त्वांड बघ, आन् ताजा हून ये त्येंच्या म्होरं."

"मला सांगायचं की."

"सांगितलं आसतं तर येकाची धा कारनं इचारली आसती. आता गेलायसा तर र्‍हावा तितंच. पोराला बघून या." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्यांच्या सासुरवाड्या शोधून काढणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात सहा वर्षं एक रात्र बेपत्ता होती, आणि ती बायकोनं मंजूर केली होती. मानसिंगरावांना त्या रात्री गादी मऊ असूनही झोप आली नाही. व्याह्यानं गादी मुद्दाम मऊ दिली असेल, असंही त्यांना एकदा वाटून गेलं.

तेरा तारखेला ऋषिराज आला. वाळलेला, दाढी वाढलेली. बापाच्या पाया पडला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आंघोळ केली, जेवायला बसला. मानसिंगरावांनी प्रवासाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तोंड त्यांनी दुसऱ्याच प्रश्नासाठी राखून ठेवलं होतं, आणि पहिली भाकरी संपायच्या आत तो विचारला.

"घर कुठं बांधनार?"

"आबा, जेवू द्या की."

"जेव. जेवता जेवता सांग."

ऋषिराजनं संयोगिताकडे बघितलं. तिनं ताटात भात वाढला. मग तो म्हणाला, "आता न्हाई बांधत. सांगलीत एका कंपनीत सुरक्षेचं काम मिळतंय, एप्रिलपास्नं. साक्षी सातवीत हाय. तिची बारावी होईपर्यंत हितं राहनार. ही नोकरी सोडून तिकडं येनार न्हाई, आन् मी चोवीस वर्सं घराबाहेर राहिलो, आता ह्यांच्याशिवाय राहनार न्हाई. रानाचं मी बघतो, रविवारी येत जाईन."

"पाच वर्सं."

"व्हय."

"पाच म्हंजे धा हुतील. पोरीला सांगलीची सवय लागंल, तुला लागंल." मानसिंगराव जयराज पवारांकडे वळले. "तुमी तेवढ्यासाठीच खोली दिली."

जयराज पवारांनी घास खाली ठेवला. आतापर्यंत हा माणूस गोडच बोलत होता. "पाव्हणं, राग मानू नका. वरची खोली मला सुताला पायजे. दोन वर्सं झाली मी पोरीला सांगतोय, बाळ, भाड्यानं बघ कुठंतरी. सूत जिन्यात ठेवतोय मी. काल तुमी पाय देऊन आलाय त्याच्यावर."

संयोगिता हसू दाबायला तोंडाला ओढणी लावून आत गेली.

"दोन गल्ल्या सोडून खोल्या बघितल्यात," ऋषिराज म्हणाला. "खालच्या मजल्यावर. तुमच्या गुडघ्याला जिना नको म्हणून."

मानसिंगरावांच्या मनात एवढे दिवस जे चित्र होतं, त्यातला कट करणारा माणूस सूत ठेवायला जागा शोधत होता, आणि ज्याला फितवलं होतं त्यानं बापाचा गुडघा मोजून घर बघितलं होतं. पण पोरगा रहिमतपूरला येणार नव्हता हे खरंच होतं. संशय होता तो खरा ठरला होता, आणि त्याचं त्यांना काही करता येत नव्हतं. खुंट्या ठोकलेली तीन गुंठे जागा तशीच राहणार होती. त्यांनी ताटातला भात कालवला. बराच वेळ कालवला.

"माझ्या गुडघ्याचं तुला कुनी सांगितलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आईनं."

"ती लय बोलती," मानसिंगराव म्हणाले आणि जेवले.

ऋषिराज एप्रिलपासून माधवनगरात राहतो. रविवारी तो रहिमतपूरला जातो, रान बघतो, संध्याकाळी परत येतो. कधी कधी येत नाही. मानसिंगराव महिन्यातून दोनदा रेल्वेनं माधवनगरला जातात. कळवून जात नाहीत. न कळवता गेलं की खरं काय चाललंय ते दिसतं, असं त्यांचं मत आहे. दारात उभं राहून आधी चपला बघतात, मग स्वयंपाकघरात डोकावतात, मग साक्षीच्या वह्या मागतात.

संयोगिता कधी आश्चर्य दाखवायला विसरत नाही. दर दुसऱ्या मंगळवारी ती सकाळी दोन भाकरी जास्त थापते आणि त्यांच्या खाटेवर धुतलेली चादर घालून ठेवते.